‘फिशपाल’वरून टे नदीवरच्या सॅमनची सहल आखताना

‘फिशपाल’ ही स्कॉटलंडमधील नद्यांवर मासेमारीचे दिवस आरक्षित करून देणारी ऑनलाइन सेवा आहे. आम्ही कोल्हापूरच्या काही हौशी मंडळींनी सप्टेंबरात टे नदीवर जंगली सॅमनसाठी फ्लाय फिशिंगचा, म्हणजे फ्लाय या पिसे-धाग्यांच्या कृत्रिम आमिषाने मासे धरण्याचा, जो आठवडा घालवला, त्याची बहुतेक आखणी घरी बसून याच सेवेच्या आधाराने केली. तिचा उपयोग नेमका कुठे होतो, ती कुठे थांबते आणि तिथून पुढचे काम आपले आपण कसे करावे, हे भोगावती-दूधगंगेच्या काठी गळ घेऊन बसणाऱ्या इथल्या मंडळींना कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्कॉटलंडमध्ये गळाने मासे धरण्यासाठी सरकारी परवाना नसतो. इंग्लंडमध्ये तो काढावा लागतो. स्कॉटलंडमध्ये मात्र नदीच्या त्या भागात मासेमारीचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याची लेखी परवानगी लागते, आणि ती नसताना सॅमनसाठी गळ टाकणे हा गुन्हा ठरतो. अशा हक्काच्या पट्ट्याला बीट म्हणतात. एका बीटवर एका दिवशी किती रॉड, म्हणजे गळाच्या काठ्या, चालतील हे ठरलेले असते, त्यामुळे चांगल्या महिन्यांतील जागा लवकर भरतात. फिशपालवर नदी निवडली की तिच्यावरच्या बीटांची यादी येते, आणि एकेका बीटच्या पानावर तिथले डोह, रॉडची संख्या, होडीची सोय, घिली म्हणजे त्या बीटवरचा जाणता सोबती मिळतो की नाही, मागील वर्षांची पकड, मोकळे दिवस आणि त्यांचे दर अशी माहिती मिळते. हे सारे नसते तर आम्हाला एकेका मालकाच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागला असता, आणि परक्या देशात ओळखपाळख नसलेल्या माणसाला तो किती जड जातो हे सांगायला नको. अर्थात नदीवरचे सगळेच बीट इथे मिळत नाहीत, आणि नामांकित बीटांचे उत्तम आठवडे वर्षानुवर्षे तीच मंडळी राखून ठेवत आलेली असतात.

नाव ऐकून बीट निवडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. टे नदीचे नाव काढले की जॉर्जिना बॅलंटाइन यांची आठवण निघतेच. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी त्यांनी ग्लेनडेल्वाइन बीटवर ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा सॅमन धरला आणि ब्रिटनमधील तो विक्रम आजही मोडलेला नाही. आमच्या गटातील एकदोघांना तिथेच जायचे होते. पण तो मासा होडीतून सोडलेल्या आमिषावर लागला होता, फ्लायवर नव्हे. आणि शंभर वर्षांपूर्वीच्या नदीत जितके सॅमन चढत होते तितके आज चढत नाहीत. म्हणून बीटच्या पानावरची सरासरी पकड वाचताना थोडे गणित मांडून पाहावे. समजा, एखाद्या बीटची सरासरी हंगामाला ६० मासे आहे आणि तिथे रोज ४ रॉड चालतात. टे नदीचा हंगाम १५ जानेवारी ते १५ ऑक्टोबर असा असतो. त्यातून रविवार वगळले की सुमारे २३५ दिवस उरतात. चार रॉड धरले तर ९४० रॉड-दिवस झाले, म्हणजे साधारण सोळा रॉड-दिवसांमागे एक मासा. सगळ्या जागा रोज भरत नाहीत आणि मासेही हंगामभर सारखे येत नाहीत, त्यामुळे चांगल्या आठवड्यात प्रमाण बरे निघते. तरीही सहा दिवस मनापासून गळ टाकून एकही सॅमन न लागणे ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. हे आधी मान्य करूनच पैसे भरावेत. जी सेवा हे आकडे उघड दाखवते, ती ग्राहकाशी प्रामाणिक आहे असे मी समजतो, आणि फिशपालबद्दल मला वाटणाऱ्या विश्वासाचे मुख्य कारण तेच आहे.

आता पाण्याच्या पातळीकडे वळतो, कारण सहलीचे यश सर्वाधिक तिच्यावर अवलंबून असते. सॅमन समुद्रातून नदीत चढतो तो नव्या पाण्याच्या ओढीने. आपल्याकडे मृगाच्या पावसात ओढ्यांना चढणीचे मासे येतात, तसाच हा प्रकार आहे. पाणी चढत असताना आणि गढूळ असताना मासा थांबत नाही, वर निघून जातो. पूर ओसरू लागला, पाणी निवळू लागले की तो डोहाच्या मानेशी आणि शेपटाशी विसावतो, आणि फ्लायवर येण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त असते. स्कॉटलंडची पर्यावरण संरक्षण संस्था, जिला सेपा म्हणतात, नदीवरच्या मापनकेंद्रांची पातळी आलेखासह जाहीर करते. हे आलेख वाचायला कोल्हापूरकरांना कोणी शिकवावे लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकले की ४३ फुटांच्या धोका पातळीपर्यंत किती तास लागतील, याचा हिशेब इथे पावसाळ्यात घरोघरी होतो. तीच सवय टेच्या बाबतीत कामाला आली. निघण्याआधी काही आठवडे आम्ही आमच्या बीटजवळच्या केंद्राची पातळी रोज पाहत राहिलो आणि पाऊस किती पडला की पाणी किती चढते, ते उतरायला किती वेळ लागतो, याचा अंदाज बांधला. टेच्या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्पही आहेत, त्यामुळे राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर भोगावतीत होते तसे तिथेही पावसाविना पाणी चढू शकते, हे ध्यानात ठेवावे.

महिन्याची निवड आपल्या हौसेप्रमाणे करावी. वसंतातले मासे संख्येने थोडे, पण अंगाने भरलेले आणि देखणे असतात. जून ते ऑगस्टमध्ये समुद्रात एकच हिवाळा काढून परतलेले लहान सॅमन, म्हणजे ग्रिल्स, येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस लागला तर नदीत हालचाल वाढते. थंड पाण्यात बुडणारी लाइन, म्हणजे गळाची दोरी, आणि जड ट्यूब फ्लाय, म्हणजे नळीवर बांधलेली फ्लाय, लागते. पाणी १० अंश सेल्सिअसच्या वर गेले की तरंगणारी लाइन आणि लहान दुहेरी हूकवरच्या फ्लाय, उदाहरणार्थ कॅस्केड किंवा अ‍ॅलीज श्रिम्प, पुरेशा होतात. भर उन्हाळ्यात पाणी २० अंशांच्या आसपास पोहोचले तर गळ बाजूला ठेवावा, कारण अशा पाण्यात दमलेला मासा सोडल्यावरही वाचेल याचा भरवसा नसतो.

प्रवासाचा एकत्रित खर्च कळावा म्हणून एका प्रवाससंस्थेकडून, जिचे नाव इथे देत नाही, आम्ही आराखडा मागवला होता. त्यात शनिवारी पोहोचून रविवारी पहाटेपासून मासेमारी ठेवलेली होती. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमनची मासेमारी कायद्याने बंद असते. ही गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या हाती अशी सहल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही सोमवार ते शनिवार हे सहा दिवस फिशपालवरून घेतले. रविवार मोकळा मिळाला, तो पिटलॉक्री येथे टमेल या टेच्या उपनदीवरच्या धरणाशी घालवला. तिथे माशांना धरण ओलांडून वर जाता यावे म्हणून ३४ टप्प्यांची मत्स्यशिडी बांधलेली आहे. आपल्या नद्यांवरच्या बंधाऱ्यांपाशी थांबणारा मासा ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी ही शिडी अवश्य पाहावी.

आरक्षण झाल्यावर घिलीशी फोनवर बोलून घ्यावे. उन्हाळ्यातील वेळेप्रमाणे तिकडचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते, त्यामुळे आपल्याकडे सायंकाळ असताना त्यांचा दिवस चालू असतो. आमच्या बीटवरच्या घिलींनी पहिल्याच फोनवर लाइन कोणती आणावी, पाण्यात कुठवर उतरता येते आणि आमच्यापैकी कोणाला दोन हातांच्या रॉडची सवय नाही, हे विचारून घेतले. प्रत्यक्षात ते भेटले तेव्हा त्यांचे निम्मे काम आधीच झालेले होते. प्रवाहाला तिरकी, खालच्या अंगाला सुमारे ४५ अंशांत लाइन टाकायची, फ्लाय धारेतून आपोआप काठाकडे फिरू द्यायची, ती थांबली की दोन पावले खाली सरकून पुन्हा टाकायची, असा डोह वरपासून खालपर्यंत विंचरत जायचा. नदीत परतलेला सॅमन काही खात नाही, तरी फ्लाय का धरतो हे कोणाला ठामपणे सांगता येत नाही. म्हणूनच ओढ लागताच रॉड झटक्याने उचलायचा नाही, मासा वळेपर्यंत थांबायचे, हे घिली वारंवार बजावत होते. आमच्यातील ज्येष्ठांना, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणतो, एक ग्रिल्स लागला. घिलींनी तो जाळीत घेऊन पाण्याबाहेर न काढता हूक सोडवला, आबांनी ओल्या हातांनी शेपटीच्या बुंध्याशी धरून त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवले, आणि कल्ले नीट चालू झाल्यावर तो आपल्या बळाने निघून गेला.

स्पे कास्टचा, म्हणजे दोन हातांच्या रॉडने लाइन फेकण्याच्या पद्धतीचा, सराव इथे करता येतो आणि तो करूनच जावे. काठावरच्या झाडांमुळे मागे लाइन फेकायला जागा नसली तरी ही कास्ट जमते, कारण लाइनचे टोक क्षणभर पाण्यावर टेकवून तिच्या पकडीवरच पुढची फेक होते. गवतावर ती पकड मिळत नाही. कळंब्यासारख्या साठलेल्या पाण्यावर बऱ्यापैकी आणि वाहत्या भोगावतीवर उत्तम मिळते. जलाशयांचे मासेमारीचे ठेके बहुधा सहकारी संस्थांकडे असतात, म्हणून आधी त्यांना विचारावे आणि हूकऐवजी टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधून सराव करावा. १४ किंवा १५ फुटांचा चार तुकड्यांचा रॉड पुरतो. विमानात तो सुखरूप जावा म्हणून आम्ही लक्ष्मीपुरीतून पीव्हीसीचा जाड पाइप घेतला, दोन्ही टोकांना झाकणे बसवली आणि आतून फोम लावला. विकतच्या नळकांड्याहून तो कमी टिकाऊ ठरला नाही.

साहित्याबाबत एक खबरदारी अत्यंत महत्त्वाची आहे. जायरोडॅक्टायलस सॅलारिस या परजीवीने नॉर्वेतील कित्येक नद्यांमधील सॅमनची दैना केली. ब्रिटनमध्ये तो अद्याप पोहोचलेला नाही. म्हणून वेडर (पाण्यात उतरताना घालायचा जलरोधक पोशाख), बूट आणि जाळी धुऊन, निर्जंतुक करून, पूर्ण कोरडी झाल्यावरच न्यावीत. सॅमनची स्थिती आधीच नाजूक आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत डिसेंबर २०२३ मध्ये अटलांटिक सॅमन संकटाच्या उंबरठ्यावरील प्रजातींत गेला आणि ग्रेट ब्रिटनमधील त्याची संख्या संकटग्रस्त ठरली. स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलपूर्वी लागलेला प्रत्येक सॅमन सोडणे बंधनकारक आहे. त्यानंतरचे नियम नदीच्या दरवर्षी ठरणाऱ्या वर्गवारीवर अवलंबून असतात. गळाने धरलेला सॅमन विकण्यास २००२ पासून बंदी आहे. आम्ही तर एकही मासा ठेवायचा नाही असे निघण्याआधीच ठरवले होते, आणि जाणाऱ्या प्रत्येकाने तसेच ठरवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खर्चाविषयी थोडक्यात सांगतो. बीटचे दर महिना आणि नाव यांप्रमाणे रॉडमागे दिवसाला काही दहा पौंडांपासून काही शे पौंडांपर्यंत जातात. दिसणाऱ्या दरात २० टक्के व्हॅट धरला आहे की नाही आणि घिलीचे मानधन त्यात आहे की वेगळे, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. शेवटी घिलीला बक्षिसी देण्याचीही रीत आहे. व्हिसासाठी पुण्याच्या अर्जकेंद्रात जाता येते, तेव्हा मुंबईची खेप वाचते, आणि एडिंबरा विमानतळापासून टेच्या काठचे पर्थ शहर मोटारीने तासाभरावर आहे. पाणी फार चढले किंवा फार उतरले म्हणून भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. यासाठी आरक्षणाच्या अटी ओळ न् ओळ वाचाव्यात, व्हिसा नाकारला गेल्यास काय होईल हे बीटच्या कार्यालयाकडून लेखी घ्यावे, आणि विमानाची तिकिटे त्यानंतरच काढावीत.