शास्त्रीय शब्दांचं उच्चार-ॲप: वर्ष भरत आल्यावर

परवा ऑटोपेचा मेसेज आला, वर्षाचे १,४९९ रुपये पुन्हा कापणार म्हणून. पैसे जायच्या आत लिहून टाकते. ॲप काय करतं ते माहीत असेलच: शब्द टाका, उच्चार ऐका, खाली अर्थ आणि ग्रीक-लॅटिन मूळ. मी बीएस्सी झूलॉजीच्या शिकवण्या घेते. निम्मी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. तोंडी परीक्षेत उत्तर येत असतं, शब्द उच्चारायचं धाडस होत नाही.

आवाज स्वच्छ. कायटिनला चिटिन म्हणणारी मुलं लवकर सुधारली. चुकीचं स्पेलिंग टाकलं तरी शब्द सापडतो. इथवर ठीक.

आता ॲपॉप्टोसिस. पेशी ठरवून मरते ती प्रक्रिया. ॲप त्यातला दुसरा 'प' ठणकावून म्हणतं आणि दुसरा पर्यायच देत नाही. हा शब्द केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सरमधल्या लेखात आणला. सुचवला ॲबरडीन विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी; ग्रीकमध्ये पानं-पाकळ्या गळणं असा अर्थ. त्याच लेखाच्या तळटीपेत सांगून ठेवलंय की मागचा भाग 'टोसिस' असा म्हणा, 'प' मूक. वरची पापणी लोंबते त्या टोसिसमध्ये (स्पेलिंग pt ने सुरू होतं) हेच ॲप 'प' गिळतं! मूळ एकच आणि न्याय वेगळा. 'प' म्हणणारेही पुष्कळ आहेत, शब्दकोश दोन्ही देतात, मान्य. मग दोन्ही द्या ना. झूलॉजीला 'झोऑलॉजी' आणि 'झूऑलॉजी' असे दोन दिलेत, कॅपिलरीचा ब्रिटिश वेगळा, अमेरिकन वेगळा. इथेच हात आखडता का?

तळटीपेचा फोटो जोडून मेल केला. उत्तर आलं, "ॲप काढून पुन्हा इन्स्टॉल करून पाहा." तसं केल्यावर 'प' गप्प बसेल अशी त्यांची समजूत असावी. पुन्हा लिहिलं तर "तुमचा अभिप्राय मोलाचा आहे." मोल आम्ही आधीच भरलंय.

कासवाच्या बटणाचीही एक खोड. फोटोसिंथेसिसमध्ये जोर 'सिं'वर, फोटोसिंथेटिकमध्ये 'थे'वर. हळू ऐकवताना ॲप सगळी अक्षरं सारख्याच जोराने म्हणतं, म्हणजे जे ऐकायला बटण दाबलं तेच गायब. माइकवर म्हणून दाखवायची सोय मुलांना आवडते, पण इलिअम म्हटलं की हिरवी खूण येते आणि विषय संपतो. एका स्पेलिंगचं इलिअम लहान आतड्याचा भाग, दुसऱ्याचं कमरेचं हाड, उच्चार तोच. एवढी सूचना खाली द्यायला काय जातं?

हे दोन तारे द्यायच्या तयारीने लिहून ठेवलं होतं. मधे अपडेट आला आणि मुळावर बोट ठेवलं की त्याचे सगळे भाऊबंद एकत्र दिसायला लागले. पंख या अर्थाचं 'प्टेरॉन' हे मूळ उघडलं तर डिप्टेरा म्हणजे दोन पंखांच्या माश्या-डास, लेपिडॉप्टेरा म्हणजे खवल्यांच्या पंखांची फुलपाखरं, टेरोडॅक्टिल म्हणजे डायनासोरच्या काळातला उडणारा प्राणी (यातलं 'टेरो' pt ने लिहितात), आणि त्यांच्यात हेलिकॉप्टर! वर्ग अर्धा तास त्यातच रमला. यासाठी मात्र पैसे वसूल.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला: "मॅडम, हेलिकॉप्टरमधला 'प' ऐकू येतो, टेरोडॅक्टिलमधला सुरुवातीला आहे म्हणून येत नाही. ॲपॉप्टोसिसमधला तर मधेच आहे, तो का गिळायचा?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच म्हणते, दोन्ही उच्चार द्या आणि तळटीपही द्या, पोरांना भांडू द्या.

तीन तारे. ऑटोपे बंद केलाय. परीक्षेच्या तोंडावर महिन्याचा प्लॅन घेईन, तो १९९ ला मिळतो. बाकीचे महिने मुळांची वही पुरते, ती मुलांनी ॲपवरूनच उतरवून घेतली आहे.