मोरिनी सीएम १६२ ईआय : दोन वर्षांच्या वापरानंतर

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या १० मीटर एअर पिस्तूल अंतिम फेरीत व्हिएतनामच्या होआंग शुआन विन्हचे सुवर्ण आणि ब्राझीलच्या फेलिपे वू याचे रौप्य यांच्यात अवघ्या ०.४ गुणांचे अंतर होते. त्याच फेरीत स्लोव्हाकियाचा युराय तुझिन्स्की चौथा आला आणि आपला जितू राय आठव्या स्थानी बाहेर पडला. निकाल इतक्या थोडक्यात ठरणाऱ्या या खेळासाठी पिस्तूल घ्यायचे तर सर्वांत आधी ट्रिगर पाहावा, असे माझे ठाम मत आहे आणि मोरिनी सीएम १६२ ईआय या स्विस एअर पिस्तुलाची निवड मी त्याच कारणाने केली.

नियमानुसार ट्रिगरचे वजन, म्हणजे तो दाबण्यास लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम असावे लागते. या पिस्तुलात बोट यांत्रिक खटका ओढत नसून विद्युत कळ दाबते, त्यामुळे पहिल्या गोळीला जो दाब लागतो तोच साठाव्या गोळीलाही लागतो, आणि नेम चुकला तर तो आपल्याच मनगटामुळे किंवा घाईमुळे चुकला हे मान्य करावे लागते. दर वेळी पिस्तूल कॉक न करता (खटका न ताणता) ड्राय सराव, म्हणजे गोळी न झाडता सराव, करता येतो, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. घरी कोऱ्या भिंतीसमोर रोज अर्धा तास असा सराव केल्यावर रेंजवरील माझे ट्रिगर दाबणे स्पष्टपणे शांत झाले.

अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप (मूठ) या कंपनीची खरी ओळख आहे. मात्र ती हातात बसवण्याचे काम आपलेच असते. अंगठ्याखाली जिथे लाकूड टोचत होते तिथे मी कानशीने थोडे थोडे घासले आणि तळहाताशी पोकळी राहत होती तिथे पुटी (लाकडात भरायचा लगदा) भरली. डोळे मिटून हात उचलावा आणि डोळे उघडताच फ्रंट साइट (नळीच्या टोकाची माशी) रिअर साइटच्या, म्हणजे मागच्या नेमपट्टीच्या, खाचेत मधोमध दिसावी, इथवर येण्यास तीन महिने लागले. मापाबाबत शंका असेल तर दुसऱ्याच्या पिस्तुलावर हात ठेवून पाहिल्याशिवाय मागणी नोंदवू नये.

बॅटरीवर अवलंबून राहण्याची ज्यांना चिंता वाटते त्यांच्यासाठी याच पिस्तुलाची यांत्रिक ट्रिगरची आवृत्तीही मिळते. मी पेटीत कायम एक जादा बॅटरी ठेवतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूलची पात्रता फेरी सुरू असताना मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली आणि ती ५७५ गुणांसह बाराव्या स्थानी राहिली, हे पाहिल्यापासून स्पर्धेपूर्वीची तपासणी मी कधीही टाळलेली नाही.

वापरलेले पिस्तूल घेणाऱ्यांनी गोळी ढकलणारी हवा ज्यात २०० बार दाबाने भरलेली असते त्या सिलिंडरवरील मुदतीची तारीख अवश्य वाचावी. एका विक्रेत्याने मला मुदत संपत आलेला सिलिंडर काही न सांगता दिला होता आणि नव्या सिलिंडरचा खर्च माझ्यावर आला.