इंग्लंडला पुन्हा जाताना: रेल्वे बरी की भाड्याची गाडी?

नोकरीची काही वर्षं इंग्लंडमध्ये काढून परत आलेल्या माणसाची पुढची खेप पर्यटकासारखी नसते. बिग बेन बघून झालेलं असतं. आता बहीण रेडिंगला, जुना रूममेट लीड्सला, ऑफिसातली मैत्रीण डरहॅमजवळच्या कुठल्याशा खेड्यात. शिवाय तिथे राहत असताना "जाऊ की कधीतरी" म्हणत राहून गेलेली ठिकाणं असतात: रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत, स्टोनहेंज, राणी व्हिक्टोरियाचं ऑसबोर्न हाउस. विमानाचं तिकीट काढायच्या आधीच घरात वाद सुरू होतो, की रेल्वेने फिरायचं की गाडी घ्यायची.

माझं मत आधीच सांगून टाकते. माणसांना भेटायला रेल्वे, आडरानातल्या जागांना गाडी. गाडी घ्यायचीच तर मधले तीन-चार दिवस घ्या, अख्ख्या सहलीसाठी नको.

शहराशहरांमधल्या अंतराला रेल्वेच्या पंगतीला गाडी बसत नाही. लंडनहून लेस्टर सव्वा तासाच्या आत, बाथ दीड तासाच्या आत, यॉर्क दोन तासांच्या आसपास. तेच यॉर्क गाडीने गाठायचं तर सुमारे २०० मैल, म्हणजे चार तास धरा आणि एम वन महामार्गावर काम चालू असेल तर पाच. उपनगरात राहणारे नातेवाईक स्टेशनवर घ्यायला येतातच. त्यांना तेही आपल्या पाहुणचारातच वाटतं. उलट तुम्ही गाडी घेऊन गेलात तर जुन्या टेरेस (एकमेकांना चिकटून ओळीत असलेल्या) घरांच्या गल्लीत ती लावायची कुठे हा प्रश्न. बऱ्याच ठिकाणी रहिवाशांच्या परमिटशिवाय गाडी उभी करता येत नाही, त्यामुळे पाहुण्यांचं परमिट मिळतं का, हे यजमानांना आधीच विचारून ठेवा.

रेल्वेचं दुखणं तिकिटांचं. ॲडव्हान्स तिकिटं साधारण १२ आठवडे आधी खुली होतात आणि तेव्हा स्वस्त असतात. ऐन वेळी गर्दीच्या गाडीचं तिकीट काढलंत तर डोळे पांढरे होतील. पण ॲडव्हान्स तिकीट त्या एकाच गाडीचं असतं आणि आपल्या घरांतून ठरल्या वेळी कुणी निघू शकलंय का? "जेवूनच जा" म्हणत वहिनी पोळ्या लाटायला घेते आणि गाडी जाते. म्हणून जाताना ॲडव्हान्स काढा, पण नातेवाइकांकडून निघतानाचं तिकीट शक्य तिथे ऑफ-पीक घ्या. ते त्या दिवशीच्या कमी गर्दीच्या वेळेतल्या कुठल्याही गाडीला चालतं.

रेलकार्ड मात्र घ्याच. वर्षाला ३५ पौंड, बहुतेक भाड्यात एक तृतीयांश सूट, आणि ते घ्यायला इंग्लंडचे रहिवासी असावं लागत नाही. जोडप्याला टू टुगेदर बरं, पण ते सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. साठी ओलांडलेल्यांना सीनियर. मुलं बरोबर असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स, त्यात मुलांना ६० टक्के सूट. आणखी एक, नातेवाइकांना सुट्टी रविवारी आणि रुळांची कामंही बहुधा रविवारी किंवा बँक हॉलिडेला. तेव्हा रेल्वेऐवजी बस मिळते आणि तासाचा प्रवास तीन तासांचा होतो. यजमानांकडे शनिवारी पोहोचा आणि सोमवारी निघा.

गाडीच्या बाजूनेही बोलायला भरपूर आहे. भारतीय लायसन्सवर तिथे १२ महिन्यांपर्यंत चालवता येतं, स्टीअरिंग उजवीकडे, रस्ता डावीकडून, म्हणजे सगळं आपल्यासारखंच. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी सांगावं लागतं आणि ती महाग पडते. विम्यातली 'एक्सेस'ची, म्हणजे नुकसान झालं तर आपल्या खिशातून द्यायची रक्कम वाचल्याशिवाय सही करू नका. लंडनच्या पूर्वेला थेम्स ओलांडायच्या डार्टफर्ड क्रॉसिंगवर टोलनाका नाही; दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन पैसे भरायचे असतात. विसरलात तर दंड गाडीवाल्या कंपनीमार्फत, तिचं शुल्क चढवून, तुमच्या कार्डावर येतो. आणि लंडनमध्ये गाडी हवी कशाला? हायगेटमधलं ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू, म्हणजे सावरकर राहिले ते इंडिया हाउस, बाहेरून निळी पाटी बघायची. १०, किंग हेन्रीज रोडवर डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले; ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलं. दोन्हीकडे ट्यूबने जाता येतं. (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये वाघनखांसाठी जाणार असाल तर आधी चौकशी करा, २०२४ मध्ये ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आहेत.)

स्टोनहेंजलाही गाडी लागत नाही. वॉटर्लूहून सॉल्सबरी आणि तिथून बस. ऑसबोर्न आयल ऑफ वाइट बेटावर आहे, साउदॅम्प्टनहून फेरीने जा, गाडी बोटीवर चढवायचा खर्च कशाला? तिथला दरबार हॉल लाहोरचे वास्तुकार भाई राम सिंग यांच्या हातचा आहे, तेवढ्यासाठी वाकडी वाट करावी.

गाडीचे पैसे वसूल होतात ते उत्तरेत. हेड्रियनची भिंत सन १२२ मध्ये बांधायला घेतली, लांबी ७३ मैल. न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वे तिच्या दक्षिणेकडून जाते. हेक्सहॅम किंवा हॉल्टव्हिसलला उतरून पुढे बस, तिचा नंबरही एडी१२२. बस गेली की पुढचीची वाट बघत वाऱ्यात उभं राहायचं, त्यामुळे दिवसात फार तर दोन ठिकाणं होतात. गाडी असेल तर चेस्टर्स, हाउसस्टेड्स, विंडोलांडा हे रोमन किल्ले एका दिवसात उरकतात. हाउसस्टेड्सला गाडी खाली लावून चढ चढायचा. वर सैनिकांचा सामायिक संडास बघाच: दगडी भिंती, पाणी वाहून नेणारे खोल चर, समोर धुण्याच्या कुंड्या. विंडोलांडाला सापडलेल्या, शाईने लिहिलेल्या लाकडी पाट्यांमध्ये सन १०० च्या सुमाराची एक आहे, तिच्यात क्लॉडिया सेवेरा नावाची बाई मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावते, "नक्की ये" म्हणून. ती पाटी बघायला मात्र लंडनला ब्रिटिश म्युझियममध्येच जावं लागतं.

पासचं थोडक्यात. परदेशी पाहुण्यांसाठी ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेचा ९ किंवा १६ दिवसांचा पास मिळतो. स्टोनहेंज, ऑसबोर्न, हाउसस्टेड्स, डोव्हरचा किल्ला अशी यादी असेल तर तो घ्या. विंडोलांडा वेगळ्या ट्रस्टचं, तिकीट वेगळं. यॉर्कची तटबंदी आणि नॅशनल रेल्वे म्युझियम फुकट आहेत.

महिना मे किंवा सप्टेंबर. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर शाळांना सुट्टी असते, तेव्हा मित्रमंडळी स्वतःच स्पेनला गेलेली असतात. डिसेंबरात चारच्या आत अंधार.

गाडी न्यूकॅसलला घ्या आणि तिथेच परत करा. एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडायचं वेगळं शुल्क बरेचदा लागतं. हा सगळा सल्ला एकाच बाबतीत उलटा होतो: बरोबर दोन लहान मुलं, त्यांच्या कार सीट्स, आणि भेटायची सगळी माणसं खेड्यांत. मग पहिल्या दिवसापासून गाडीच घ्या, फक्त विमानतळावरून रात्रभराच्या प्रवासानंतर लगेच नको. एक रात्र झोप काढा, मग चावी हातात घ्या.