मॉइश्चर सेन्सर किट : सर्किट भारी, काटे मात्र टिकत नाहीत

कुंडीला आपोआप पाणी घालायचं किट घेतलंय, त्यात मातीचा ओलावा ओळखणारा दोन काट्यांचा सेन्सर, एलएम३९३ (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) वाला छोटा बोर्ड, रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) आणि ५ व्होल्टचा पंप येतो. कोडिंग वगैरे काही नाही, माती सुकली की दोन काट्यांमधला रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) वाढतो, बोर्डावरच्या स्क्रूने ठरवलेल्या लेव्हलशी त्याची तुलना होते आणि आउटपुट बदलतं, बस एवढंच! फक्त एक बघा, माती ओली असताना बोर्डाचं आउटपुट लो (जवळपास ० व्होल्ट) असतं आणि सोबतचा रिले लो वरच चालू होतो, म्हणजे पंप रिलेच्या एनओ ला (रिले चालू झाल्यावरच जोडलं जाणारं टोक) जोडला तर ओल्या मातीत पाणी सोडत बसेल 😀 एनसी ला (रिले बंद असताना जोडलेलं टोक) जोडायचा. हे माहितीपत्रकात लिहायला काय जात होतं?

खरी बोंब काट्यांची. सतत डीसी करंट (एकाच दिशेने वाहणारी वीज) गेला की इलेक्ट्रोलिसिस (विजेमुळे होणारी रासायनिक झीज) होऊन एका काट्यावरचा तांब्याचा थर खाल्ला जातो, मग माती ओली असली तरी सेन्सर कोरडीच सांगतो आणि पंप चालूच. कायमचं लावायचं असेल तर कॅपॅसिटिव्ह सेन्सर (रेझिस्टन्सऐवजी कॅपॅसिटन्स, म्हणजे विद्युत भार साठवायची क्षमता, मोजणारा) घ्या, त्यात धातू मातीला लागतच नाही, पण त्याचं आउटपुट अ‍ॅनालॉग (नुसतं चालू-बंद नाही, कमी-जास्त होणारं व्होल्टेज) असतं म्हणून आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) किंवा वेगळा कम्पॅरेटर (व्होल्टेजची तुलना करणारं सर्किट) लागतो. शिकायला ४ स्टार, झाडांच्या भरवशासाठी २.