थर्मोस्टॅट काढून टाकायचा की नवा बसवायचा?

सायनच्या ट्रॅफिकमध्ये जुनी गाडी तापली की बरेच मेकॅनिक थर्मोस्टॅटच (इंजिन गरम झाल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप) काढून टाकतात. खर्च नाही, आणि तो बंद अवस्थेत अडकला असेल तर तापमानाचा काटा लगेच खाली येतो. पण पुढे इंजिन पुरेसं गरमच होत नाही: रात्री मोकळ्या हायवेवर काटा तळाशी, पेट्रोल जास्त, ऑइलमध्ये ओल. घरी पोहोचण्यापुरतंच ठीक.

नवा बसवणंच योग्य. आधी जुना पातेल्यातल्या पाण्यात दोरीने टांगून तापवा. अंगावर छापलेल्या आकड्याच्या आसपास, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांना, झडप हलू लागते. हलली, तर दोष फॅन, पंप किंवा रेडिएटरमध्ये शोधा. बसवताना गॅस्केट (जोडातून गळती थांबवणारी चकती) नवं, कूलंट-डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, आणि कूलंटच्या नळ्यांतली हवा पूर्ण काढा. राहिलेल्या बुडबुड्यानेही गाडी पुन्हा तापते.