सरकारी दवाखान्यांची नवी घडी: सोलापुरात काही महिने वापरून बघितल्यावर

आईचं बीपी आणि शुगर दिवाळीनंतर पूर्णपणे सरकारी यंत्रणेकडे दिलं. त्याआधी खासगी डॉक्टरांची फी आणि मेडिकलचं बिल मिळून महिन्याला जे जायचं, ते बिडी वळून घर चालवलेल्या बाईला बोचणारच. आता बरेच महिने झालेत, त्यामुळे काय चालतं आणि कुठे अडतं ते नीट सांगता येईल.

उपकेंद्राला माझे पूर्ण मार्क. पूर्वी तिथे नर्सबाई, बाळांच्या लसी आणि गरोदर बायांची नोंद, एवढंच असायचं. 2018 पासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) नेमायला लागले. पाटी दोनदा बदलली, आधी आरोग्यवर्धिनी आणि 2023 च्या शेवटाला आयुष्मान आरोग्य मंदिर. पाट्यांचं राहू द्या. आमच्या सीएचओ मॅडम बीएएमएस आहेत, वर सहा महिन्यांचा कोर्स केलाय. दर वेळी बीपी बघतात, बोटातून रक्त घेऊन शुगर बघतात आणि चप्पल काढायला लावून तळपाय तपासतात. खासगीत इतकी वर्षं पैसे मोजले, पण शुगरच्या पेशंटचे पाय कुणी पाहिले नव्हते! तारीख चुकली की आशाताई दारात हजर. केसपेपरलाही पैसे नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले, त्यात हे आलं.

औषधांचं मात्र कमी-जास्त. नियमाप्रमाणे उपकेंद्रात 105 औषधं आणि 14 तपासण्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात 172 औषधं आणि 63 तपासण्या असायला हव्यात. शुगरचं मेटफॉर्मिन आणि बीपीचं अ‍ॅम्लोडिपिन आम्हाला सहसा मिळालं. बीपीची दुसरी गोळी कधी असते, कधी ‘पुढच्या आठवड्यात बघा’. मग गोळ्यांची पट्टी मेडिकलमधून आणायची. रक्ताच्या मोठ्या तपासण्यांसाठी आरोग्य केंद्रात नमुना देतो, रिपोर्ट मोबाईलवर येतो. यात एकदाही त्रास झाला नाही.

खरी गंमत वरच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली की सुरू होते. आईचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) थोडं वाढलं, मॅडमनी वेळेत पुढे पाठवलं. शहरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात (नाव नको) डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली. तपासलं नीट, त्यात खोट काढणार नाही. पण नवी गोळी आमच्या उपकेंद्राच्या यादीतच नाही, आणि ती बदलल्याचा निरोपही मॅडमपर्यंत कुणी पोचवला नाही. आईचं चौदा आकडी आभा कार्ड, म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य ओळखपत्र, आहे. त्याचा उपयोग काय झाला? क्यूआर स्कॅन करून टोकन झटकन मिळालं, रांग वाचली. आत काय लिहून दिलं ते मात्र खाली कुणाला दिसत नाही. शेवटी मॅडमनी आईच्या पिशवीतले कागद बघून उपकेंद्राच्या कार्डावर पेनाने नोंद केली.

असं का होतं, ते मालकी बघितली की कळतं. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, त्यांचे साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. शहरातले दवाखाने महापालिकेचे. मेडिकल कॉलेजला जोडलेलं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, आणि मोफत उपचाराचा 2023 चा तो निर्णय या विभागाला लागूच नव्हता. पेशंट एकच, सरकारही एकच, पण औषधखरेदी वेगळी, रजिस्टर वेगळं आणि साहेबही वेगळा. कुंभारीच्या बिडी कामगारांच्या घरकुलांत हे जास्तच जाणवतं. माणसं कामाला, बाजाराला, नातेवाइकांकडे सोलापुरात. पण वसाहत दक्षिण सोलापूर तालुक्यात, म्हणून आरोग्य जिल्हा परिषदेकडे. रायनगरचा कामगारांसाठीचा तीस हजार घरांचा प्रकल्प त्याच बाजूला. एवढी मोठी वस्ती आणि हिशोब खेड्याचा: सपाट भागात तीस हजार लोकसंख्येला एक आरोग्य केंद्र, पाच हजाराला एक उपकेंद्र.

वरचा नकाशाही असाच. आरोग्य विभागाने जिल्ह्यांचे गट, म्हणजे परिमंडळं, केलीत: सोलापूर पुणे परिमंडळात, शेजारचा धाराशिव लातूर परिमंडळात. तुळजापूरच्या पेशंटला याचं काय? तो सोलापूरच्या सिव्हिललाच येणार, कर्नाटकातल्या इंडीहूनही लोक येतात. रस्ता आणि एसटी जिकडे, पेशंट तिकडे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या विमा योजनेचं, थोडक्यात. 2012 साली ती राजीव गांधी जीवनदायी नावाने आली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. आता मर्यादा पाच लाखांची झाली, पण ती मुख्यतः अ‍ॅडमिट होऊन करायच्या ठरलेल्या उपचारांसाठी. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळीला तिचा उपयोग नाही, हे दवाखान्यात जाऊन वाद घालण्याआधी समजून घ्या.

माझं मत विचाराल तर आणखी एखादं संचालक पद किंवा नवी पाटी नको. जिल्ह्यात जुनाट आजारांच्या औषधांची यादी सगळ्या विभागांनी एकच ठेवावी, आणि वर पाठवलेल्या पेशंटचा कागद ज्या सीएचओनी पाठवलं त्यांच्याकडे परत यावा. एवढ्यानेच आमची निम्मी पायपीट वाचेल. जमणार नाही म्हणू नका. आषाढीला पंढरपुरात हीच मंडळी एकत्र बसतात, बाहेरच्या जिल्ह्यांतून डॉक्टर येतात, अँब्युलन्सच्या जागा ठरतात, आणि लाखो वारकऱ्यांत कुणाला चक्कर आली तर तो कुठल्या विभागाचा हे कुणी विचारत नाही. एकादशी झाली की ज्याचा त्याचा विभाग.

आम्ही सोडणार आहोत का? नाही. आईची शुगर खासगीत असताना होती त्यापेक्षा आता आटोक्यात आहे, आणि त्याचं श्रेय मॅडमना आणि आशाताईंना. तुम्ही सुरू करणार असाल तर प्रत्येक चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. वर गोळी बदलली तर तिथेच विचारा, ‘ही आमच्या उपकेंद्रात मिळते का, नसेल तर यादीतली दुसरी चालेल का?’ आम्ही पुढच्या खेपेला विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी दोन मिनिटांत उपकेंद्रात मिळणारी गोळी लिहून दिली.