‘माणूस म्हणजे काय?’ : सहा धर्म, तीन तास, एक घंटा

दादर पश्चिमेला रविवारी दुपारी 3 ते 6 असा भरलेला हा सर्वधर्मसंवाद. प्रवेश विनामूल्य. पाचपैकी साडेतीन गुण, आणि तेही बहुतेक दुसऱ्या फेरीचे.

आधी वेळेबद्दल, कारण अशा कार्यक्रमांची निम्मी फजिती तिथेच होते. शुक्रवारची दुपार जुम्म्याची, शनिवार अंधार पडेपर्यंत ज्यूंच्या शब्बाथचा, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाचा, रविवारची सकाळ चर्चमधल्या मिस्साची. संध्याकाळ धरावी तर मध्येच मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज येते, आणि सूर्यास्तानंतर जैन साधू-साध्वी पाण्यालाही शिवत नाहीत. उरते रविवारची दुपार. आयोजकांनी ती बरोबर हेरली. रविवारचा रेल्वेचा मेगाब्लॉक तेवढा विसरले, त्यामुळे साडेतीनपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्याच. खाण्यातही विचार दिसला : जैनांना न चालणारा बटाटा-कांदा टाळून कुरमुऱ्यांचा चिवडा, केळी आणि चहा. दीपप्रज्वलनाऐवजी रोपाला पाणी घातलं. समई लावताना काही वक्त्यांची होणारी कुचंबणा त्यामुळे टळली.

गाडी घसरली ती हिशेबात. सहा वक्ते, प्रत्येकी 8 मिनिटं, म्हणजे 48. पण परिचय आणि शाल-श्रीफळातच 40 मिनिटं संपली, आणि मग जवळपास प्रत्येकानं 12-13 मिनिटं घेतली. घंटा सूत्रसंचालकाच्या हातात होती. ज्याच्या खांद्यावर नुकतीच शाल घातली, त्याच्यावर घंटा कोण वाजवणार? ती तिसऱ्याच माणसाकडे द्यावी. या फेरीत सगळ्यांनी ‘सर्व धर्म एकच सांगतात’ हे आळवलं. एकच सांगत असतील तर सहा खुर्च्या कशाला मांडल्या?

कॅथलिक फादरनी पोप फ्रान्सिस आणि अल-अझरचे इमाम यांनी सही केलेल्या 2019च्या अबुधाबीतल्या मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर बराच वेळ खर्च केला. चांगला दस्तऐवज आहे. पण 3 डिसेंबर 1964 रोजी याच मुंबईत पोप सहावे पॉल यांनी इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बृहदारण्यकातली ‘असतो मा सद्गमय’ ही प्रार्थना म्हटली होती, आणि इतर धर्मांविषयीचा ‘नोस्त्रा एताते’ हा व्हॅटिकनचा जाहीरनामा त्यानंतर, 28 ऑक्टोबर 1965ला आला. हे घरचं सोडून अबुधाबीला का जावं?

दुसऱ्या फेरीचा नियम मात्र नामी होता : प्रत्येकानं शेजाऱ्याच्या धर्मातला माणूस 2 मिनिटांत सांगायचा, शेजाऱ्यानं 1 मिनिटात दुरुस्त करायचा. फादर म्हणाले, बौद्ध मतात आत्मा शुद्ध होत जातो. भंतेंनी तिथेच थांबवलं : आत्मा नाहीच, रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाच स्कंध, म्हणजे घटकांचे समूह, बस्स. लगेच जैन विदुषी म्हणाल्या, आमच्याकडे जीव आहे, अनादी आहे, मुंगीतही आहे; पण मोक्ष फक्त मनुष्यगतीतून, देवांनाही त्यासाठी माणसाच्या जन्माला यावं लागतं. कीर्तनकारांनी कुराणातल्या ‘खलिफा’ला राजा करून टाकलं. मौलानांनी दुसऱ्या सूऱ्यातली तिसावी आयत काढली : मालक नव्हे, कारभारी, आणि रक्त सांडणाऱ्याला का नेमतोस, हा फरिश्त्यांचा प्रश्नही त्याच आयतीत आहे. ज्यू वक्ते रब्बी नव्हते, हज्जान होते. बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, प्रार्थना बहुधा हज्जानच चालवतात. त्यांनी उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातली, माणूस म्हणजे ‘देवाची प्रतिमा’ ही गोष्ट सांगितली आणि जोडीला ‘आदाम’ म्हणजे माणूस, ‘आदामा’ म्हणजे माती. प्रतिमा आणि माती एकाच वाक्यात! मतभेद उघड झाले आणि सभागृह जागं झालं.

तक्रारी दोन. मुंबईत असा मंच मांडून पारशी दस्तुरांची, म्हणजे धर्मगुरूंची, खुर्ची नसावी? आणि दुसरी मोठी. प्रश्न चिठ्ठीवर मागवले होते. जातीवरची चिठ्ठी वाचली गेली, उत्तर ‘वेळेअभावी’ राहिलं. चैत्यभूमीपासून चालत जाण्याच्या अंतरावर ‘माणूस म्हणजे काय’ विचारायचं आणि 20 मार्च 1927ला चवदार तळ्याचं पाणी कशासाठी प्यायलं गेलं हे वगळायचं, हे पटत नाही. भंते बोलायला तयार दिसत होते. एक श्रीफळ कमी केलं असतं तरी 5 मिनिटं निघाली असती.

पुढच्या सत्राला जाणार असाल तर साडेचारला पोचलात तरी चालेल. मागच्या रांगा टाळा, पंख्यांच्या घरघरीत हज्जानांचा हळू आवाज तिथे पोचत नाही. आणि प्रश्न चिठ्ठीवर देऊ नका, हात वर करा.